कोणता कावळा शिवला?

“गुरुजी, शिवला खरा, पण डोमकावळा होता. चालेल ना?”

दहाव्याला भाईंदरच्या खाडीकाठी हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. कर्ता मुलगा सहसा विचारत नाही. तो ओल्या धोतरानं हात जोडून उभा असतो, डोळे पिंडावर. विचारतो तो मेव्हणा, नाहीतर चुलतभाऊ. त्याचं दुःख जरा लांबचं, म्हणून डोकं ठिकाणावर असतं. मी “चालतं हो” एवढं म्हणून पुढच्या कामाला लागतो, कारण पलीकडे दुसऱ्या घरची माणसं थांबलेली असतात आणि ओहोटीचा चिखल उघडा पडायच्या आत त्यांचंही उरकायचं असतं. पण प्रश्न असा दोन शब्दांत मिटणारा नाही. त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. आलेला पक्षी नेमका कोणता, हा एक. आणि तो कोणता हे कळल्यानं गेलेल्या माणसाबद्दल आपल्याला काही कळतं का, हा दुसरा. घाटावर माणसं या दोहोंची गल्लत करतात आणि मग रात्रभर झोपत नाहीत.

मी भिक्षुकी करतो. आमच्या धंद्यात मंत्र म्हणण्यापेक्षा वाट बघण्यात जास्त वेळ जातो. पिंड ठेवायचा, चार पावलं मागे यायचं आणि कावळ्याची वाट बघायची. माणसं या वेळात मोबाईल काढतात किंवा रडतात. मला दोन्ही शक्य नसल्यामुळे मी कावळे बघत आलो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, निदान उन्हात. आपला नेहमीचा, गॅलरीतून पोळी उचलणारा तो गावकावळा. त्याचं तोंड, डोकं, गळा काळा. पण मान, पाठीचा वरचा भाग आणि छाती राखाडी. भस्माचा पट्टा ओढल्यासारखी ती मान दिसली की विषय संपला. डोमकावळा सगळाच काळा, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत. उन्हात वळला तर त्या काळ्यावर निळसर-जांभळी झाक येते. चोच जाड, वरचा भाग चांगलाच बाक घेतलेला, आणि कपाळ चोचीपाशी एकदम उभं चढतं. गावकावळ्याचं डोकं त्या मानानं सडपातळ. आवाजही निराळा: गावकावळा नाकातून ‘काव’ म्हणतो, डोमकावळा घशातून, खोल आणि घोगरा. आकारानं डोमकावळा मोठा, पण त्या खुणेवर फार विसंबू नका. दोघं शेजारी बसले तर ठीक. एकटा पक्षी मोठा की लहान हे सांगताना माणूस आपल्या भीतीच्या मापानं मोजतो.

अडचण उजेडाची आहे. आमच्या काठावरून खाडीकडे बघितलं की पाण्याची चकाकी डोळ्यांवर येते. तिकडून येणारा प्रत्येक कावळा आधी काळाच दिसतो. जवळ आला, मान तिरकी केली, एका डोळ्यानं पिंडाकडे आणि मग त्याच डोळ्यानं आपल्याकडे बघितलं, की राखाडी दिसतं. माणसं तोवर थांबत नाहीत. काळं काही उतरलं की “डोमकावळा!” असं पुटपुटणं सुरू होतं. त्यात नर कोकीळही काळाच. पण त्याचा डोळा लाल, चोच फिकट हिरवट, शेपूट लांब, आणि तो पिंडाकडे फिरकत नाही. त्याला वड-पिंपळाची फळं पुरतात.

मीरा-भाईंदरात हे दोन्ही कावळे भरपूर आहेत. शहरच असं बसलंय की एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, आणि मध्ये मिठागरं, तिवरं आणि इमारती. चेण्याकडे, घोडबंदरच्या वाटेवर झाडी लागली की घोगरा आवाज वाढतो. स्टेशनजवळ, वडापावच्या गाड्यांपाशी, मानेवर राख असलेल्यांचं राज्य. गावकावळा माणसाच्या वस्तीला इतका चिकटलाय की माणूस नसलेल्या जागी तो जवळपास दिसतच नाही. घरटंही तो काटक्यांबरोबर इमारतीच्या कामावरच्या तारा ओढून आणून बांधतो.

दोघं एकत्र बघायचे तर उत्तनला जावं. तिथे बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घालतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर आडवी जोडी टाकतात. खाली कोळणी जाळी पसरून, काठी घेऊन बसलेल्या. गावकावळे टोळीनं येतात, आरडाओरड करतात, एकाकडे काठी उगारली की मागून दुसरा नेतो. डोमकावळा बहुधा एकटा किंवा जोडीनं लांब ताडाच्या झावळीवर थांबतो आणि गोंधळ शिगेला पोचला की सरळ येऊन घेऊन जातो. तिथल्या एका कोळीणबाईंना मी विचारलं, “बाई, यातला जास्त त्रास कुणाचा?” त्या म्हणाल्या, “काळा एक नेतो, पण नेतोच. हे दुसरे नुसते नाचवतात.” पक्ष्यांच्या पुस्तकात इतकं नेमकं वाक्य मी अजून वाचलेलं नाही. सालिम अलींचं 1941 साली निघालेलं पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात रंग, माप, आवाज सगळं आहे. नाचवण्याचा हिशेब उत्तनलाच मिळतो.

आता घाटावरची मतं. एक पंथ म्हणतो, डोमकावळाच खरा, त्याचं नातं स्मशानाशी. गावकावळा काय, कुठेही शिवतो. दुसरा पंथ म्हणतो, डोमकावळा रानातला, परका. बाबा घरातले, तेव्हा घराजवळचाच यायला हवा. ही दोन मतं एकाच सकाळी, एकाच काठावर, एकमेकांपासून दहा हातांवर उभ्या असलेल्या दोन कुटुंबांकडून मी ऐकलेली आहेत. दोन्हींना पोथीत आधार नाही. काकबलीच्या मंत्रात कावळे येतात ते दिशांचे: इंद्राचे, वरुणाचे, वायूचे, निर्ऋतीचे. म्हणजे पूर्वेकडून या, पश्चिमेकडून या, कुठूनही या आणि हे अन्न घ्या. मान राखाडी आहे का, हे मंत्र विचारत नाही.

कोणी म्हणेल, जुन्या लोकांना फरक ठाऊकच नसेल. तसं नाही. अमरकोशात साध्या कावळ्याची नावं देऊन झाल्यावर द्रोणकाक, काकोल असा मोठा काळा कावळा वेगळा सांगितलाय. मनुस्मृतीत खाऊ नयेत अशा पक्ष्यांच्या यादीत काकोलाचं नाव स्वतंत्र येतं. फरक माहीत होता, कोशात नोंदवला होता, खाण्याच्या नियमात धरला होता. पितरांना घास घालताना मात्र तो बाजूला ठेवला. हे अज्ञानानं झालेलं नाही, जाणून केलेलं आहे, आणि मला त्याचंच कुतूहल आहे.

याचं उत्तर मला आमच्याच शास्त्रातल्या एका जुन्या दृष्टान्तात सापडतं. वाटसरू विचारतो, देवदत्ताचं घर कोणतं? सांगणारा बोट दाखवतो: ते बघ, कावळा बसलाय ते. वाटसरू घर बघून ठेवतो. क्षणात कावळा उडून जातो. म्हणून घर हरवतं का? नाही. कावळ्यानं आपलं काम केलं. अशा खुणेला उपलक्षण म्हणतात: वस्तू दाखवते, पण वस्तूत राहत नाही. दुसऱ्या प्रकारची खूण म्हणजे विशेषण: निळ्या कमळाचा निळेपणा. तो कमळाला सोडून उडत नाही. वेदान्तात हा भेद थेट ब्रह्मापर्यंत नेलाय. ज्यापासून जगाचा जन्म होतो ते ब्रह्म, हे ब्रह्मसूत्रांच्या आरंभीचं लक्षण. त्याला तटस्थ म्हणतात, म्हणजे काठावर उभं राहून केलेली खूण. सत्य, ज्ञान, अनंत हे स्वरूपलक्षण. हजारो पानांची चर्चा, आणि तिच्या मुळाशी छपरावर बसलेला एक कावळा. दृष्टान्ताला पोपट घेता आला असता, कबूतर चाललं असतं. घेतला कावळा, कारण तोच सर्वांच्या छपरावर येऊन बसतो आणि तोच कधी स्थिर राहत नाही.

हा भेद हाताशी असला की घाटावरचे दोन्ही प्रश्न सुटे होतात. पक्षी ओळखायचा तर विशेषण धरा: मान, चोच, कपाळ, आवाज. “स्मशानाजवळ बसला होता म्हणून डोमकावळा” असं जे लोक म्हणतात, ते उपलक्षणाला विशेषण समजतात. बसण्याची जागा पक्ष्याची नसते. गावकावळा स्मशानात बसतो आणि डोमकावळा मीरारोडच्या सोसायटीच्या टाकीवर. आणि गेलेला माणूस ओळखायचा तर कावळा हे त्याचं उपलक्षणच. राखाडी असो, काळा असो, घराकडे बोट दाखवून तो जाणार. पितर कावळ्यात राहायला आले असं समजून त्याच्या मानेचा रंग तपासणं म्हणजे देवदत्ताचं घर विसरून कावळ्यामागे धावणं.

मग घर कोणतं? ते मी दर वेळी डोळ्यांनी बघतो. पिंड ठेवलाय, कावळे तारेवर बसलेत, शिवत नाहीत. थोड्या वेळानं कोणीतरी हळूच म्हणतं, काहीतरी राहिलंय मनात. मग बोलणी सुरू होतात. “धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका.” शिवत नाही. “गावची जमीन विकणार नाही.” शिवत नाही. एकदा एक मुलगा बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, “आईला इकडून तिकडे फिरवणार नाही. ती माझ्याकडेच राहील.” बोलता बोलता त्यानं बायकोकडे बघितलं. तिनं मान हलवली. आणि तारेवरून एक गावकावळा उतरला. आता कावळा त्या वाक्यामुळे उतरला का? यालाही शास्त्रात नाव आहे: काकतालीय. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ. पाहणाऱ्याला वाटतं, कावळ्यानं पाडलं. मी भिक्षुक असून हे सांगतोय म्हणून काही मंडळींना राग येतो. पण कार्यकारण जोडण्याची मला घाई नाही. दहा माणसांच्या देखत त्या बापाची खरी काळजी बोलली गेली, मुलानं ती अंगावर घेतली, हे घडलं. कावळा उडाला तरी ते उडत नाही.

आणि कावळा आलाच नाही तर? तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववायचा. लोकांना ही पळवाट वाटते. मला तो या विधीचा सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. ज्याच्या मानेचा रंग विचारायची सोयच नाही असा गवताचा कावळा पोथीला चालतो, यावरून पोथीचं लक्ष कुठे होतं ते कळावं.

आमच्या नात्यातले एक काका निवृत्तीनंतर वेदान्ताच्या वर्गाला जातात. ते मला म्हणतात, “मग तू तरी कशाला इतके कावळे निरखतोस? सगळं एकच. ही तर तुझी काकदंतपरीक्षा.” म्हणजे कावळ्याला दात किती याची चौकशी, निरर्थक उद्योगाला दिलेलं शास्त्रातलं नाव. कावळ्याला दात नाहीत हे मान्य. पण मान आहे. आणि सजातीय, विजातीय, स्वगत असे तीन भेद पंचदशीत सांगितलेत ते आधी झाडावर नीट समजावून दिलेत: एका झाडाचा दुसऱ्या झाडापासूनचा भेद, दगडापासूनचा भेद, आणि त्याच झाडाच्या पानाफुलांमधला भेद. हे तिन्ही ब्रह्माला लागू नाहीत असं म्हणायचं, तर आधी झाडात ते दिसायला हवेत. ज्याला भेद दिसतच नाही त्यानं अद्वैताची घाई करू नये. न बघण्याचा आळस आणि ऐक्याचा अनुभव बाहेरून सारखेच दिसतात, ही खरी काळजी करण्यासारखी गोष्ट आहे. काका यावर हसले आणि चहा मागवला. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे.

भेदाबद्दल शास्त्रज्ञांचंही एकमत नाही, हे ऐकून काकांना बरं वाटलं असतं. आपला डोमकावळा हा पूर्व आशियातल्या मोठ्या चोचीच्या कावळ्याचाच भाऊबंद की भारतातली स्वतंत्र जात, यावर पक्षीतज्ज्ञांची मतं वेगळी आहेत. काही याद्या त्याला वेगळा मोजतात, काही एकत्र धरतात. म्हणजे जात निसर्गात आहे की यादीत, हा नैयायिकांचा आणि बौद्धांचा जुना वाद अजून पक्ष्यांच्या पंखांवर चालू आहे. गावकावळ्याबद्दल असा वाद नाही, पण त्याची वेगळीच गंमत आहे. तो जहाजांवर बसून आणि कधी माणसानंच नेऊन आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोचला. तिथे त्यानं स्थानिक पक्ष्यांची अंडी-पिल्लं इतकी खाल्ली की 2024 मध्ये केनियाच्या सरकारनं दहा लाख गावकावळे मारण्याची योजना जाहीर केली. इथे ज्याला आपण पान वाढून “या हो” म्हणतो, त्याच राखाडी मानेला मोंबासात विष घालतात. मला दोन्ही बाजू समजतात. तिथला माणूस पक्षी नीट ओळखतो, म्हणून तरी त्याला कोणता मारायचा आणि कोणता सोडायचा हे कळतं.

कावळ्याच्या बाजूनंही हा ओळखीचा खेळ बघण्यासारखा आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुखवटे घालून तिथले कावळे पकडले आणि सोडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे अंगावर येत. माणसांचे चेहरे ते वेगवेगळे लक्षात ठेवतात. ते कावळे अमेरिकेच्या जातीचे, आपले नव्हेत, पण मी खाडीकाठी उतरलो की तारेवर जी हालचाल होते त्यावरून आपलेही फार मागे नसावेत. आणि हाच हुशार पक्षी आपल्या घरट्यातलं कोकिळेचं अंडं ओळखत नाही! गावकावळा कोकिळेचं पिल्लू पोटभर खाऊ घालून वाढवतो. परक्या माणसाचा चेहरा वर्षानुवर्षं विसरत नाही, पण रोज चोचीत घास भरवतो ते पोर आपलं नाही हे त्याला कळत नाही. यावर प्रवचन करायचा मोह होतो. मी आवरतो.

भाद्रपदातल्या पितृपक्षात आमच्या इमारतीच्या गच्चीवर पानांची रांग लागते. शेजारच्या गुजराती बेन दूधपाक-पुरीचा कागवास ठेवतात, आमच्याकडे खीर, वडे, भाजीभात. कावळे आधी दूधपाकाकडे जातात. आमच्या सौभाग्यवतींना ते आवडत नाही. त्या दिवसांत लोक मला फोन करून विचारतात, गच्चीवर कावळाच येत नाही, कबुतरं येतात. कबूतर चालेल का? मी सांगतो, कबुतराला हाकला, गायीला घास द्या, मुंग्यांना द्या, कावळ्याचा घास थोडा लांब, झाडाखाली ठेवा. पंचबलीत सगळ्यांची सोय आहे. झाडच उरलं नसेल तर मात्र पितरांना दोष देऊ नका. इमारत बांधताना पिंपळ कोणी तोडला ते सोसायटीच्या जुन्या कागदांत सापडेल.

अलीकडे एक नवीन विचारणा येते, तिचं उत्तर मात्र मी थोडक्यात देतो. “गुरुजी, एक माणूस पाळलेला कावळा घेऊन येतो म्हणे, पायाला दोरी असते, लगेच शिवतो. बोलवू का?” नाही. पूर्वी वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टात गावकावळा उपद्रवी प्राण्यांत, उंदरांच्या रांगेत होता. 2022 च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच गेलं आणि गावकावळा संरक्षित पक्ष्यांत आला. त्याला पकडून बांधणं हा गुन्हा आहे. कायद्याचं सोडलं तरी, ज्याला न येण्याची मोकळीक नाही त्याच्या येण्याला अर्थ काय राहिला?

तेव्हा यजमानांनो, राखाडी मानेचा शिवला तर चालतो. सगळा काळा शिवला तरी चालतो. कोणीच नाही शिवलं तर माझ्या पिशवीत दर्भ असतो. दोरीचा कावळा घेऊन आलात, तर त्या दिवशी दुसरा भिक्षुक बघा.